संकटकाळातील आरोग्य आणि माणसाचे हक्क

महापूर, दुष्काळ, भूकंप, युद्ध किंवा साथ ह्यांपैकी कोणतेही संकट एखाद्या प्रदेशावर कोसळले, की एक विचार फार लवकर पुढे येतो. तो असा, की आधी माणसे जगवावी, त्यांच्या हक्कांचा विचार मागाहून करावा. घराला आग लागली असता दार फोडण्यापूर्वी मालकाची संमती कोण विचारीत बसतो, असा ह्या विचारामागचा युक्तिवाद असतो. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. हक्कांची भाषा ही सुखवस्तू काळाची भाषा आहे, आणि मरण दाराशी आले असता ती बोलणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय, असे पुष्कळ सज्जनांनाही मनापासून वाटते.

आज मला ह्या समजुतीचीच परीक्षा करावयाची आहे. ती नुसत्या तत्त्वचर्चेने होण्यासारखी नाही. म्हणून घडलेले तीन प्रसंग मी आपल्यापुढे ठेवणार आहे. पहिला आपल्या पुण्यातला, १८९७ सालचा. दुसरा बंगालच्या सीमेवरचा, १९७१ सालचा. तिसरा आफ्रिकेतला, १९९४ सालचा. तिन्ही ठिकाणी माणसे साथीने मरत होती आणि तिन्ही ठिकाणी त्यांना वाचविण्याचा प्रयत्न चालू होता. परंतु माणसांना कसे वागविले गेले ह्याचा परिणाम मृत्यूच्या आकड्यावर कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

मुंबईत मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरात डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले. त्याच सुमारास दुष्काळानेही देशाचा मोठा भाग ग्रासला होता. लोक मुंबई सोडून निघाले आणि रोग त्यांच्याबरोबर पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्यातल्या दुसऱ्या कलमाने सरकारला हवे ते उपाय योजण्याची मुभा दिली, आणि चौथ्या कलमाने सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणाहीविरुद्ध दावा लावता येणार नाही अशी तरतूद केली. अधिकार अमर्याद आणि गाऱ्हाणे नेण्यास जागा नाही, अशी ही रचना होती.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड ह्या सनदी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चमध्ये गोऱ्या सोजिरांच्या तुकड्यांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. संशयित रोग्यास इस्पितळात न्यावे, त्याच्या घरच्यांस विलग छावणीत ठेवावे, घरातील जमीन खणून काढावी, भिंतींना चुना फासावा आणि दूषित वाटणाऱ्या वस्तू जाळून टाकाव्या, असा हा क्रम होता. सोजीर बूट घालून देवघरात व स्वयंपाकघरात शिरतात, स्त्रियांची तपासणी लज्जास्पद रीतीने होते, सामान लुटले जाते, अशा तक्रारी शहरभर झाल्या. त्यांपैकी प्रत्येक तक्रार सिद्ध करता आली नाही. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांना तर इंग्लंडमध्ये केलेल्या आरोपांबद्दल, पुरावा हाती न राहिल्यामुळे, जाहीर माफी मागावी लागली. परंतु ज्या कायद्याने दाद मागण्याची वाटच बंद केली, त्याच्या अमलाखाली पुरावा गोळा तरी कसा व्हावा, हा प्रश्न उरतोच. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट त्याच रात्री मारला गेला, आणि रँड ३ जुलैस मरण पावला. टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली. हा इतिहास आपण राजकारणाचा म्हणून वाचतो. आज तो आरोग्याचा म्हणून वाचावा, अशी माझी विनंती आहे.

न्यायाने बोलावयाचे तर प्रथम हे मान्य केले पाहिजे, की साथ खरी होती आणि सरकारने हातावर हात ठेवून बसणे हाही अपराधच ठरला असता. ह्या रोगाने पुढील तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. टिळकांचाही रोग्यांस वेगळे ठेवण्यास विरोध नव्हता. शहरात उघडलेल्या हिंदू प्लेग इस्पितळात त्यांनी स्वतः लक्ष घातले. विरोध होता तो पद्धतीला. आणि ह्या पद्धतीचा आरोग्यावर काय परिणाम झाला? लोक रोगी लपवू लागले. प्रेते गुपचूप पुरली जाऊ लागली. ताप आला की माणूस वैद्याकडे जाण्याऐवजी गावाबाहेर पळू लागला आणि रोग पुढच्या गावात नेऊन सोडू लागला. ज्या झडतीचा हेतू रोग उघडकीस आणणे हा होता, तिनेच रोगाला दडण्यास जागा करून दिली.

ह्यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्लेग उंदराच्या अंगावरील पिसवेमुळे माणसात येतो, हे पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत दाखविले ते १८९८ साली, आणि सर्वमान्य होण्यास त्याला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे १८९७ मध्ये ज्या ज्ञानाच्या जोरावर लोकांची घरे उकरली गेली, ते ज्ञानच अपुरे होते. सक्तीचा मोठा दोष हा, की तिच्यात चूक सुधारण्याची सोय नसते. ज्याच्यावर सक्ती होते त्याचे म्हणणे ऐकले जात नाही, आणि त्यामुळे उपाय चुकत आहे ही वार्ता उपाय करणारापर्यंत पोहोचतच नाही.

त्याच पुण्यात त्याच दिवसांत दुसराही एक प्रयत्न चालला होता. सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणीत. एका आजारी मुलाला आणताना त्यांना संसर्ग झाला असे सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. येथेही रोग्याला घरातून उचलून वेगळे ठेवण्यात येत होते. परंतु उचलणारे हात ओळखीचे होते, आणि ज्याला उचलले त्याला आपण कोठे जातो व कशासाठी जातो हे ठाऊक होते. दोन विलगीकरणांतला हा फरक मला फार मोठा वाटतो.

आता दुसरा प्रसंग. १९७१ च्या मार्चअखेर ढाक्यात लष्करी दडपशाही सुरू झाली आणि पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे भारतात येऊ लागले. वर्ष संपेपर्यंत ही संख्या सुमारे एक कोटीवर गेली. पावसाळा तोंडावर आलेला, छावण्यांत पिण्याचे पाणी व शौचाची सोय अपुरी, आणि अंगात बळ नाही, अशा स्थितीत पटकीची साथ उसळली. पटकीचा रोगी कसा मरतो हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. तीव्र विकारात तासाला लिटरभरापर्यंत पाणी शरीरातून निघून जाते; डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते, आणि सकाळी हिंडता-फिरता असलेला माणूस रात्रीपर्यंत संपतो. शिरेवाटे क्षारजल दिले तर तो वाचतो. परंतु त्यासाठी निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात आणि त्या टोचणारे शिकलेले हात हवेत.

कलकत्त्याहून जेसोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीमेलगत, बनगाव हे गाव आहे. तेथील इस्पितळात जूनच्या अखेरीस डॉक्टर दिलीप महालनबीस आपल्या सहकाऱ्यांसह पोहोचले. कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात ते काम करीत. इस्पितळातल्या दोन खोल्यांत पटकीचे रोगी जमिनीवर पडलेले होते, आणि त्यांना सलाइन लावावयाचे तर घाणीत गुडघे टेकूनच लावावे लागे. दोन दिवसांत त्यांच्या ध्यानात आले, की आपण ही लढाई हरत आहोत. सलाइनचा साठा पुरणारा नव्हता आणि ते देण्यास शिकलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

येथे विज्ञानाने एक किल्ली आधीच तयार ठेविली होती. पटकीचे विष आतड्यातून पाणी कसे बाहेर टाकावयास लावते, हे शंभुनाथ डे ह्यांनी कलकत्त्यात १९५९ साली दाखविले होते. आतड्याला मीठ एकटे शोषून घेणे ह्या रोगात जमत नाही, परंतु बरोबर साखर असली तर जमते, आणि मिठापाठोपाठ पाणीही आत जाते, हेही कळून चुकले होते. ढाक्यात १९६८ मध्ये डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश ह्यांनी असे पेय पाजून शिरेवाटे द्यावयाच्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी केली होती. तथापि हे सर्व इस्पितळात, मोजमाप ठेवून, तज्ज्ञांच्या नजरेखाली झाले होते. छावणीतल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांच्या हाती ते सोपविण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

महालनबीस ह्यांनी ते केले. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे हे मिश्रण होते. कलकत्त्याच्या केंद्रात ते मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरीत. बनगावला पिपांत पाण्यात कालवीत. आणि पिपाची तोटी सोडून रोग्याची आई, भाऊ किंवा नवरा पेला भरून घेई व रोग्यास पाजीत बसे. ज्यांची नाडी लागत नव्हती अशांसाठी सलाइन राखून ठेवण्यात आले. अनेक डॉक्टरांना ही दुय्यम प्रतीची, गरिबाच्या गळ्यात बांधलेली चिकित्सा वाटली. परंतु निर्वासित छावण्यांत जेथे शंभरांतले सुमारे तीस रोगी दगावत होते, तेथे बनगावात उपचार झालेल्या ३,७०० हून अधिक रोग्यांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

ह्या यशाचे श्रेय रसायनाला आहे तितकेच विश्वासालाही आहे. कारण पेला पाजणारा हात शिकलेला नव्हता. तो रोग्याच्या आप्ताचा होता. पटकीच्या रोग्यास पाणी देऊ नये, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. ती दूर करण्यासाठी माणसांना समजावून सांगावे लागले, आणि समजावून सांगावयाचे म्हणजे समोरच्याला समजते असे प्रथम गृहीत धरावे लागते. हे मिश्रण कसे करावे ह्याची पत्रके सीमेवर वाटली गेली. बांगला देशाच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही ही कृती सांगितली गेली. नभोवाणीवर बोलणाऱ्याला ही गोष्ट सांगताना थोडा अभिमान वाटला, तर श्रोत्यांनी तो क्षम्य मानावा.

स्वतंत्र झालेल्या बांगला देशात पुढे हेच काम ब्रॅक ह्या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर केले. तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतके मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढाच धडा. पण तो शिकविणाऱ्या बाईचे वेतन, शिकलेल्या आईच्या किती ध्यानात राहिले ह्यावर ठरे. अशा रीतीने एक कोटीहून अधिक घरांत हे ज्ञान पोहोचले. आपल्याकडे ह्याच पेयाला जलसंजीवनी हे सार्थ नाव मिळाले. लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही कृती आज कोणत्याही घराला पाठ असावी. महालनबीस ह्यांचे निधन २०२२ साली झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आता कोणी म्हणेल, की बनगावचा विजय औषधाचा आहे; त्यात हक्कांचा प्रश्न कोठे आला? त्याचे उत्तर तिसऱ्या प्रसंगात आहे. १९९४ च्या एप्रिलपासून रुवांडात भीषण वंशसंहार झाला. जुलैच्या मध्यास सत्तापालट होताच काही दिवसांत लक्षावधी माणसे सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधील गोमा ह्या गावाभोवती येऊन पडली. तेथील जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. शौचाचे खड्डे खणता येईनात आणि थडगीही. लोक किवू सरोवराचे पाणी तसेच पिऊ लागले. पटकी आणि पाठोपाठ रक्ती हगवण पसरली, आणि पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसे मेली. लक्षात घ्या, बनगाव होऊन तोपर्यंत तेवीस वर्षे झाली होती. मीठ-साखरेचे रहस्य आता रहस्य राहिले नव्हते. पाकिटे होती, विमाने होती, जगभरातून आलेली पथके होती.

मग उणे कशाचे होते? पाण्याचे उणे होते, आणि अनेक पथकांना ह्या चिकित्सेचा अनुभवही नव्हता. परंतु त्याखेरीज दुसरेही एक कारण होते. अन्नाचे वाटप सुरुवातीस छावण्यांतल्या पुढाऱ्यांच्या हाती सोपविले गेले, आणि त्या पुढाऱ्यांत संहार घडवून आणणारेच पुष्कळ होते. धान्य बलवानांकडे गेले. नंतर झालेल्या पाहणीत असे आढळले, की ज्या कुटुंबाची कर्ती स्त्री होती, त्यातली मुले अधिक कुपोषित होती. मदत आली होती. ती हक्क म्हणून आली नव्हती. जो हात पुढे करू शकला त्याला ती मिळाली, आणि ज्याला कोणी विचारीत नव्हते तो पूर्वीसारखाच उपाशी राहिला.

ह्या अनुभवाने मदतकार्य करणाऱ्या संस्थांना हादरवून सोडले. १९९७ साली स्फिअर ह्या नावाने त्यांनी एक प्रयत्न आरंभिला, आणि संकटग्रस्त माणसाला किमान काय मिळाले पाहिजे ह्याची मोजमापे ठरविली. माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचकूप, अशी ही साधी मापे आहेत. परंतु त्यांच्या आरंभी एक सनद आहे, आणि तिचा आशय हा, की सन्मानाने जगण्याचा व साहाय्य मिळविण्याचा संकटग्रस्ताला अधिकार आहे. पाण्याचे माप आणि माणसाचा मान एकाच पुस्तकात बसविण्याची गरज वाटली, ह्यातच गोमाचा धडा सामावलेला आहे.

ह्यावरून कोणी असे समजू नये, की साथीत कोणावर कसलाही निर्बंध घालू नये असे माझे म्हणणे आहे. संसर्ग झालेल्या माणसाला इतरांत मिसळू न देणे हे कित्येकदा अपरिहार्य असते. शेजाऱ्यालाही जगण्याचा हक्क आहे. प्रश्न असतो तो निर्बंधाच्या मर्यादेचा. इटलीतील सिराक्यूझ येथे १९८४ साली कायदेपंडितांनी ह्या मर्यादा आखून दिल्या. निर्बंध कायद्याने घातलेला असावा. तो खरोखर आवश्यक असावा. त्याहून सौम्य उपायाने काम भागत असेल तर तो घालू नये. तो मनमानी किंवा पक्षपाती नसावा. त्याला मुदत असावी. आणि त्याविरुद्ध दाद मागता यावी. ह्या कसोट्यांवर १८९७ चे पुणे घासून पाहा. कायदा होता, ही एक कसोटी उतरली. बाकीच्या बहुतेक सर्व कसोट्यांवर तो प्रयोग नापास होतो.

हा केवळ परक्या सत्तेचा दोष होता, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री कोविडसाठी देशभर संचारबंदी लागू झाली ती सुमारे चार तासांच्या सूचनेने. तिचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु जो रोजावर जगतो आणि ज्याचे घर हजार मैलांवर आहे, त्याचा विचार त्या चार तासांत मावला नाही. लक्षावधी मजूर पायी निघाले. ८ मे रोजी जालन्याहून निघालेल्या मजुरांपैकी १६ जण करमाडजवळ लोहमार्गावर थकून झोपले असता मालगाडीखाली सापडले. ते रोगाने मेले नाहीत. रोगापासून रक्षण करण्याच्या योजनेत त्यांना जागा नव्हती, म्हणून ते मेले. सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात हे मृत्यू कोणत्या रकान्यात मांडावयाचे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आपल्या राज्यघटनेने ह्या बाबतीत आपल्याला दिशा दिलेली आहे. अनुच्छेद २१ जीविताचे रक्षण करताना नागरिक हा शब्द वापरीत नाही. कोणतीही व्यक्ती असे म्हणते. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्याच शब्दावर बोट ठेवून सांगितले, की परदेशातून आलेल्याच्याही जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात, अपघातग्रस्ताला वेळेवर उपचार न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग होय, असाही निर्णय झाला. बनगावातल्या पिपाची तोटी सोडण्यापूर्वी कोणाचे नागरिकत्व तपासले गेले नव्हते. न्यायालयाने पंचवीस वर्षांनी जे शब्दांत सांगितले, ते तेथे कृतीत आलेले होते.

तात्पर्य, संकटात हक्क ही चैन आहे, हे म्हणणे अनुभवाला धरून नाही. रोगी भीतीवाचून पुढे आला, तरच रोग कळतो. उपाय समजावून सांगितला, तरच तो घरोघर पोहोचतो. दुबळ्याचा वाटा निश्चित केला, तरच धान्य त्याच्या ताटात पडते. आणि गाऱ्हाणे ऐकण्यास कोणी बसला असेल, तरच चुकलेला उपाय वेळीच सुधारता येतो. ह्यांतल्या प्रत्येक गोष्टीला आपण हक्क हे नाव देतो. वैद्याने तिला उपचाराचा भाग म्हणावे. पेटलेल्या घराचे दार फोडावयास संमती लागत नाही हे खरे. परंतु आत माणसे कोठे अडकली आहेत, हे त्या घरातल्यांनाच विचारावे लागते.

पुढचे संकट कोणत्या नदीने, कोणत्या रोगाने किंवा कोणत्या सीमेवरून येईल हे सांगता येत नाही. ते येईल तेव्हा आपल्या गावात, आपल्या मंडळात, आपल्या कचेरीत बसून निर्णय घेणाऱ्यांत आपणांपैकी कोणी ना कोणी असेलच. त्याने तीन प्रश्न विचारावे. हा उपाय ज्याच्यासाठी आहे त्याला तो समजावून सांगितला आहे काय? सर्वांत शेवटी उभा असलेल्यापर्यंत तो पोहोचतो काय? आणि तो चुकला, तर ते आपल्याला कोण सांगणार? ह्या प्रश्नांना फार वेळ लागत नाही. बनगावात ते विचारावयास दोन दिवस पुरले होते.